परीटघडी आणि पायाचे नख

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजपर्यंत शिक्षणप्रसार, वसतिगृह, हुंडाबंदी अशा थोर विषयांवर विद्वानांची व्याख्याने झाली. आम्ही विद्वान नव्हे. १९७४ साली जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उतरून, अध्यापनाचे शिक्षण घेऊन, आयुष्यभर प्राथमिक शाळेत मुलांस धुळाक्षरे शिकविणारा आमच्यासारखा मनुष्य आपणापुढे कोणता मोठा विचार मांडणार? म्हणून आम्ही अगदी लहान विषय निवडला आहे. तो विषय म्हणजे नख. आणि त्या नखास लागणारी बुरशी. विषय ऐकून काहींच्या ओठांवर हसू आलेले आम्हांस दिसत आहे. हसावे, त्यात गैर काही नाही. मात्र या लहानशा विषयापायी आमच्या घरात एका माणसाला पायाचा अंगठा गमवावा लागला आहे. ती हकीकत पुढे येईलच.

आपल्या समाजाचा आणि पाण्याचा संबंध आम्ही नव्याने सांगावयास नको. आमचे वडील पहाटे नदीच्या घाटावर जात ते दुपार टळेपर्यंत गुडघाभर पाण्यात उभे असत. हातात धोपाटणे, शेजारी भट्टी, आणि सोबत पापडखार, रीठे व धुण्याचा सोडा. लोकांच्या अंगावरचा कपडा परीटघडीचा करून देणाऱ्या त्या हातांची नखे मात्र पिवळी पडलेली, कडा उसवलेल्या, मुळाशी सूज आलेली असत. पावसाळा लागला की पायाच्या बेचक्यांत चिखल्या होत. आमची आई रात्री तेथे हळद आणि खोबरेल तेल लावी. वडील म्हणत, "परटाचे नख असेच असावयाचे. पाण्याने ते मरते." गिऱ्हाइकाकडे कपड्यांचे गाठोडे देताना ते बोटे मुडपून घेत. आम्ही त्या वेळी लहान होतो. ती बोटे ते का मुडपतात हे आम्हांस पुष्कळ वर्षांनी कळले.

पाण्याने नख मरते, हे वडिलांचे म्हणणे अर्धे खरे आणि अर्धे चुकीचे होते. नख हे मुळात केराटिन नावाच्या कठीण द्रव्याचे बनलेले असते. आपले केस आणि जनावरांची शिंगे-खूर यांतही तेच द्रव्य आहे. सृष्टीत काही बुरशा अशा आहेत की त्या केराटिनावरच आपली गुजराण करतात. भाकरीस बुरशी लागते, ओल्या चपलेस लागते, तद्वत् ही बुरशी नखास लागते. पायाच्या नखांत बहुधा आढळते ती ट्रायकोफायटन रुब्रम नावाची. ज्यांचे हात दिवसभर ओले असतात, त्यांच्या हाताच्या नखांत कँडिडा नावाची निराळी बुरशीही वस्ती करते. पाणी स्वतः नखास मारीत नाही; पण पाणी आणि सोडा यांनी नखाच्या मुळाशी असलेली कातडीची बारीक पट्टी सुटते, आणि घराची कडी निघाल्यावर चोर शिरावा तशी बुरशी व इतर जंतू तेथून आत शिरतात. नखाच्या मुळाशी वारंवार सूज येणे, ज्यास आपण जुनाट नखुरडे म्हणतो, त्यात बुरशीपेक्षाही साबण-सोड्याने होणारा दाह हेच मूळ कारण असते असे आता त्वचारोगतज्ज्ञ मानतात. यास्तव नुसते औषध लावून हात पुन्हा पाण्यात घालणाऱ्यास गुण येत नाही.

हे ज्ञान फार जुने नाही. १८४१ च्या सुमारास पॅरिस शहरात डेव्हिड ग्रुबी नावाच्या डॉक्टराने सूक्ष्मदर्शकातून पाहून दाखविले की माणसाच्या डोक्यावरील एका कातडीच्या रोगाचे मूळ बुरशीत आहे. पुढे त्याच शहरात रेमंड साबुरो याने अशा बुरशा प्रयोगशाळेत वाढविण्याचे खाद्य सिद्ध केले. आजही आपल्या नखाचा तुकडा तपासणीस गेला की तो ज्या खाद्यावर ठेवतात, त्यास त्याचेच नाव आहे.

आता हा रोग ओळखावा कसा? बहुधा तो नखाच्या पुढच्या टोकाशी किंवा बाजूच्या कडेशी सुरू होतो. तेथे पांढरट अथवा पिवळट डाग पडतो. हळूहळू नख जाड होते, खालच्या गादीपासून सुटते, आणि त्याच्याखाली लाकडाच्या भुशासारखा चुरा साठतो. पुढे ते वेडेवाकडे होऊन बुटात टोचू लागते. बहुतेकांचा प्रारंभ पायाच्या अंगठ्यापासून होतो. प्रारंभी दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणूनच मनुष्य त्याकडे लक्ष देत नाही.

मात्र एक गोष्ट आम्ही फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहावी तशी सांगतो. बिघडलेले प्रत्येक नख बुरशीचेच असते असे नाही. डॉक्टरांकडे येणाऱ्या अशा नखांपैकी सुमारे निम्मीच बुरशीची निघतात. सोरायसिस नावाच्या रोगातही नख जाड होते. त्यात पुष्कळदा शिंप्याच्या अंगुस्तानावर असतात तसे बारीक खड्डे पडतात. घट्ट बुटाच्या दाबाने नख बिघडते. हिरवट झालेल्या नखात बहुधा जिवाणू असतात. आणि एखाद्या नखावर नवीनच काळा पट्टा उठला व तो रुंद होऊ लागला, तर एक दिवसही न दवडता डॉक्टरांस दाखवावा. क्वचित तो कर्करोगही असू शकतो. म्हणून औषधापूर्वी तपासणी, हा पहिला नियम. नखाखालचा चुरा काढून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवतात आणि सूक्ष्मदर्शकातून बुरशीचे तंतू शोधतात. हे काम थोड्या वेळात होते. बुरशी वाढवून तिची जात ठरवावयाची तर काही आठवडे लागतात. शेताचा कस पाहिल्यावाचून कोणी खत टाकीत नाही. मग नख तपासल्यावाचून तीन तीन महिने गोळ्या का गिळाव्यात?

हे शहाणपण आम्हांस ठेच लागल्यावर आले, हे कबूल करतो. २०१५ साली आम्ही नोकरीतून निवृत्त झालो. इतकी वर्षे पायांत बंद बूट घालून वर्गात उभे राहिल्याने उजव्या अंगठ्याचे नख कधीच जाड व पिवळे झाले होते. ते वयाचे लक्षण, असे आम्ही धरून चाललो. पुढील वर्षी जांघेत गजकर्ण उठले. ही जागा लाजेची. म्हणून आम्ही डॉक्टरांकडे न जाता औषधाच्या दुकानातून एक मलम आणले. दोन दिवसांत खाज थांबली. आम्ही खूश झालो. मलम सोडले की गजकर्ण पुन्हा येई आणि आधीपेक्षा रुंद होऊन येई. असे पाच महिने चालले. शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी जांघ पाहिली आणि म्हणाल्या, "मास्तर, आता मोजे काढा." आम्हांस नवल वाटले. त्यांनी अंगठ्याचे नख पाहून सांगितले, "रोगाचे कोठार इथे आहे. तुम्ही अंगण झाडता आहात आणि कोठारातून कचरा सांडतो आहे."

त्या मलमात बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड मिसळलेले होते, हे त्यांनी आम्हांस समजावून दिले. स्टेरॉइडने खाज व लाली दबते, पण कातडीची प्रतिकारशक्तीही दबते आणि बुरशी मोकाट वाढते. अशा मलमांच्या अतोनात वापरामुळे आपल्या देशात गेल्या काही वर्षांत गजकर्ण हट्टी झाले आहे. नेहमीच्या औषधास दाद न देणाऱ्या बुरशीची एक जात तर २०२० साली नव्या नावाने नोंदली गेली, आणि त्या नावात आपल्या हिंदुस्थानचा उल्लेख आहे: ट्रायकोफायटन इंडोटिनी. भूषण मानावे असे हे नाव खचित नव्हे.

येथे आम्हांस एका जुन्या नावाची आठवण झाली. इंग्रजी अमदानीत येथील गोऱ्या लोकांस जांघेत गजकर्ण होई, तेव्हा त्यांनी त्यास 'धोबी इच', म्हणजे धोब्याची खाज, असे नाव दिले. त्यांची समजूत अशी की हा रोग धोब्याकडून आलेल्या कपड्यांतून येतो. हे नाव पुढे वैद्यकाच्या पुस्तकांतही शिरले. आमच्या वडिलांनी हे नाव कधी ऐकले नसेल. पण त्यांनी बोटे मुडपली ती याच आरोपाच्या भयाने. आता पाहा, शास्त्र काय सांगते? जांघेतील गजकर्ण पुष्कळदा त्याच माणसाच्या स्वतःच्या पायांवरून व नखांवरून वर चढते. पायांवरून वर ओढलेली विजार, पाय पुसून तोच अंगास लावलेला पंचा, हेच त्याचे वाहन. म्हणजे साहेबाचा रोग साहेबाच्याच बुटात होता, आणि नाव मात्र धोब्याचे झाले.

तथापि न्याय दोन्ही बाजूंनी करावयास हवा. रोग्याचे मोजे व पंचे थंड पाण्यात इतर कपड्यांबरोबर बुचकळले, तर बुरशीचे बीज त्यांत टिकून राहू शकते. ६० अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात धुतल्यास ते नष्ट होते. आपल्या वाडवडिलांची भट्टी, तिची वाफ आणि नंतरचे कडक ऊन, ही रोग पसरविणारी रीत नव्हती. रोगास मारणारी होती. आज भट्ट्या गेल्या, यंत्रे आली आणि पुष्कळ ठिकाणी कपडे गार पाण्यातच धुतले जातात. ज्यांच्या लॉन्ड्र्या आहेत त्या तरुणांनी हे ध्यानी ठेवावे. आपल्या नावावरचा डाग आपणच धुवावयाचा आहे.

आता उपचाराविषयी. नखात रक्त नसते आणि ते कठीण असते; त्यामुळे वरून लावलेले साधे मलम खालपर्यंत पोहोचत नाही. रोग नखाच्या टोकापुरता असेल, तर नखावर चढविण्याचे खास रोगणासारखे औषध मिळते. अमोरोल्फिन हे त्यांपैकी एक. ते आठवड्यातून एकदा-दोनदा, नख कानशीने घासून लावावे लागते, आणि हाताच्या नखास सुमारे सहा महिने, तर पायाच्या नखास नऊ ते बारा महिने चालू ठेवावे लागते. रोग मुळाकडे गेला असेल तर पोटातून औषध घ्यावे लागते. एके काळी असे नख उपटून काढीत. १९३९ साली ग्रिसिओफुल्विन हे द्रव्य सापडले आणि १९५८ पासून ते पोटातून देता येऊ लागले. तरी पायाच्या नखासाठी ते वर्षभर किंवा त्याहूनही अधिक घ्यावे लागे. आज टर्बिनाफिन हे प्रमुख औषध आहे. साधारणपणे हाताच्या नखास सहा आठवडे, पायाच्या नखास बारा आठवडे. कँडिडा असेल तर बहुधा इट्राकोनॅझोल देतात. ही औषधे दुकानातून परस्पर आणावयाची नव्हेत. टर्बिनाफिनपूर्वी यकृताची रक्ततपासणी करतात. ज्यांचे हृदय दुर्बल आहे त्यांस इट्राकोनॅझोल वर्ज्य आहे, आणि इतर औषधांशीही त्याचे पटत नाही. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या भगिनींनी तर डॉक्टरांस आधी तसे सांगितलेच पाहिजे.

पण सर्वांत अवघड औषध म्हणजे धीर. हाताचे नख महिन्यास सुमारे ३ मिलिमीटर वाढते. पायाचे त्याच्या निम्म्याने किंवा त्याहूनही कमी. बिघडलेले नख दुरुस्त होत नसते. त्याच्या मागून नवे नख येते आणि जुन्यास पुढे ढकलते. म्हणून हाताचे नख पालटावयास सहा महिने आणि पायाच्या अंगठ्याचे पालटावयास वर्ष ते दीड वर्ष लागते. गोळ्या बारा आठवड्यांनी थांबतात, तरी औषध नखात पुढे काही महिने टिकून काम करीत असते. त्या बाईंनी आमच्या नखावर, चांगला भाग संपतो तेथे, कानशीने एक बारीक रेघ ओढून दिली आणि सांगितले, "ही रेघ पुढे सरकते आहे आणि तिच्या मागचे नख स्वच्छ आहे, एवढेच पाहत जा." आम्ही दर महिन्याच्या पहिल्या तारखेस पट्टीने ते अंतर मोजून वहीत मांडीत होतो. चौदा महिन्यांनी ती रेघ नेलकटरखाली गेली. इतका उपचार करूनही सर्वांनाच पूर्ण गुण येतो असे नाही, आणि बरा झालेला रोग काहींना पुन्हा होतो. हे आधी ठाऊक असले म्हणजे मनुष्य निराश होत नाही.

आता ती अंगठ्याची हकीकत. आमचे थोरले बंधू, ज्यांस आम्ही दादा म्हणतो, ते येथे पहिल्या रांगेत बसले आहेत. त्यांच्या परवानगीनेच आम्ही बोलत आहोत. घरचा धंदा त्यांनी सांभाळला म्हणून आम्ही शिकलो. त्यांस बरीच वर्षे मधुमेह आहे. त्यांची नखे आमच्याहून अधिक बिघडलेली होती; पण ते मोजे घालीत, आणि आम्हीही कधी विचारले नाही. आमचा उपचार चालू असता आम्ही त्यांस एका शब्दाने सांगितले नाही. कारण काय, तर गोष्ट जांघेपासून सुरू झाली होती, आणि थोरल्या भावापुढे ते बोलावयाचे कसे? २०१८ च्या पावसाळ्यात त्यांच्या जाड झालेल्या नखाने बुटात अंगठ्यास जखम केली. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेली. त्यांस ती कळलीच नाही. मोजा ओला लागला तेव्हा त्यांनी पाहिले, आणि पाहूनही आठ-दहा दिवस झाकून ठेवले. इस्पितळात नेले तेव्हा अंगठा वाचविण्यापलीकडे गेला होता.

शस्त्रक्रियेनंतर आम्ही त्यांस आमच्या नखाची सारी कहाणी सांगितली. दादा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "अरे, हे तू आधी सांगितले असतेस तर?" त्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. दादांच्या अंगठ्यास मधुमेह कारण झाला, नख कारण झाले. पण आमचे मौनही कारण झाले. म्हणून आज चारशे माणसांपुढे आम्ही आमच्या जांघेची आणि नखाची कथा सांगत आहोत. जे एका भावास सांगितले नाही, ते आता सर्व समाजास सांगण्यावाचून आमची सुटका नाही.

मंडळी, रोग होऊ नये म्हणून करावयाच्या गोष्टींस पैसा फारसा लागत नाही. पाय धुतल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात. पायांचा पंचा निराळा ठेवावा. पावसाळ्यात चिखल्या झाल्या तर त्या वेळीच डॉक्टरांस दाखवून बऱ्या कराव्यात, कारण बुरशी तेथूनच नखात जाते. मोजे सुती असावेत आणि रोज बदलावेत. एकच जोडा रोज न घालता तो एक दिवसाआड वाळू द्यावा. नखे सरळ कापावीत, कोपरे खोल कोरू नयेत. नेलकटर ज्याचा त्याचा असावा, आणि रोगी नखाचे तर निराळेच. ज्यांचे काम पाण्याचे आहे त्यांनी रबरी हातमोज्यांच्या आत सुती हातमोजे घालावेत, काम संपताच हात कोरडे करून त्यांस तेल अथवा व्हॅसलीन लावावे, आणि नखाच्या मुळाची ती बारीक पट्टी कधीही कापू नये. धुणीभांडी करणाऱ्या आपल्या भगिनींसही हाच नियम. घरात एकास रोग असेल तर सर्वांचे पाय पाहावेत. आणि ज्यांस मधुमेह आहे, त्यांनी दररोज रात्री दिव्याच्या उजेडात आपले तळवे व नखे पाहावीत; वाकवत नसेल तर सुनेस, नातवास पाहावयास सांगावे. त्यात लाज कसली?

शेंडगावात १८७६ साली परटाच्या घरी जन्मलेले संत गाडगे महाराज हाती खराटा घेऊन गावोगाव फिरले. त्यांनी स्वच्छतेचा आरंभ दुसऱ्याच्या अंगणापासून केला. पण त्यात लाज मानली नाही, हा त्यांचा मोठा धडा. आपण पिढ्यान् पिढ्या लोकांचे कपडे उजेडात आणून वाळविले. स्वतःची नखे तेवढी अंधारात ठेवली. आता तीही उजेडात आणू या.

आमची एकच विनंती आहे. आज घरी गेल्यावर प्रत्येकाने मोजे काढावेत आणि एकमेकांचे पाय पाहावेत. धाकट्याने थोरल्याचे पाहावेत. नमस्कारासाठी वाकतोच ना आपण? त्याच वेळी नखांकडेही एक नजर टाकावी.